माझ्या रिसेप्शनमध्ये फुटलेलं पेटंट

आमच्या भाऊजींच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्याला मी एकच सल्ला देते: टीव्हीच्या वर बघू नका. तिथे एक पितळी पाटी आहे. तिच्याकडे नजर गेली रे गेली की भाऊजी म्हणणार, "ते होय? बसा, सांगतो." मग तुमच्या पुढच्या कामाचं आणि शेवटच्या बसचं काही खरं नाही. एकदा नळ दुरुस्त करायला आलेला माणूस हातात पाना घेऊन असाच अडकला. तो मान हलवत ऐकतोय आणि आत स्वयंपाकघरात पाणी वाहतंय. ताईने शेवटी स्वतः जाऊन मुख्य नळ बंद केला आणि लादी पुसली, तरी यांचं चालूच.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचा नवरा. शिक्षण संख्याशास्त्राचं, नोकरी टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत. काम काय, तर यंत्राला माणसाचं बोलणं ओळखायला शिकवणं. ज्याने जन्मात कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही त्याने यंत्राला ऐकायला शिकवलं, हा विनोद आमच्या घरात इतक्या जणांनी करून झालाय की मीही तो एकदा करते आणि मोकळी होते.

तर त्या नोकरीत भाऊजींना एक युक्ती सुचली, कंपनीने तिचं पेटंट घेतलं. संशोधक म्हणून नाव भाऊजींचं, मालक म्हणून कंपनीचं. भाऊजींना ती पाटी मिळाली आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते वर्षाच्या आत बंद पडलं. पाटी मात्र ते दर रविवारी फडक्याने स्वतः पुसतात. बाकी घरात त्यांनी कधी फडक्याला हात लावलेला मी पाहिला नाही.

पुढे ती कंपनी बुडाली. टेबलं, खुर्च्या, कपाटं विकली तशी पेटंटंही गठ्ठ्याने विकली. ज्यांनी ती घेतली त्यांची तऱ्हाच वेगळी. ते काही बनवतच नाहीत. ना फोन, ना यंत्र, ना साधा स्क्रू. जुनी पेटंटं विकत घ्यायची, कोण वापरतंय ते हुडकायचं आणि त्याच्या मानगुटीवर बसायचं, एवढाच धंदा. भाऊजींना हे कळलं तेव्हा ते खुशीत म्हणाले, "म्हणजे बाजारात मला अजून मागणी आहे." काय बोलणार यावर, कपाळ?

आता माझी भाची. यांची एकुलती एक. ती याच विषयात शिकली, मोठ्या कंपनीत चिकटली आणि दोन वर्षांत राजीनामा देऊन मोकळी झाली. दोन मैत्रिणींना घेऊन तिने टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत स्वतःचं काम मांडलं. जिन्यात रबराचा वास, वर तीन टेबलं आणि एक पंखा, तोही कुरकुरणारा. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर ज्यांची जीभ जड होते, बोललेलं घरच्यांनाही कळेनासं होतं, अशा माणसांसाठी यांनी फोनमध्ये एक सोय केली. माणूस अडखळत, चघळत काहीतरी बोलतो आणि फोन तेच वाक्य स्वच्छ बोलून दाखवतो. एक निवृत्त पोस्टमन आहेत. फोन हातात आल्यावर त्यांनी पहिलं वाक्य बायकोला ऐकवलं, "तू वर्षभर माझ्या चहात साखर जास्त घालते आहेस." ती बाई हसली आणि मग तिथेच पदर तोंडाला लावून रडली. मी समोर होते. मला काही असं सहज रडू येत नाही, मी लोकांना गाडी चालवायला शिकवते, रोज मरण बघते. पण त्या दिवशी मीही पर्समध्ये रुमाल शोधत बसले.

भाऊजी तिथे एकदाही गेले नव्हते. विचारलं की म्हणायचे, "जिना फार उभा आहे." जिना कसला उभा! बाप उभा होता, ताठ. लेकीने चांगली नोकरी लाथाडली, तीही आपल्याला न विचारता, हे त्यांना गिळवत नव्हतं.

आणि एके दिवशी तिला नोटीस आली. काय, तर तुम्ही अमुक पेटंटातली रीत विनापरवाना वापरता आहात, ताबडतोब काम थांबवा, नाहीतर कोर्टात या. अमुक पेटंट कुठलं, तर टीव्हीच्या वरचं.

भाची कागद घेऊन तडक घरी आली. मी तिथेच होते. भाऊजींनी चष्मा लावून नोटीस पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले काय माहीत आहे? "माझं नाव बरोबर लिहिलंय."

"बाबा, आमचं दुकान बंद होईल."

"वापरण्याआधी विचारायचं ना मग."

"कोणाला विचारायचं? तुम्हीच तर सांगितलंत. रोज. जेवताना. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी जेवताना हेच बोलतात."

भाऊजी म्हणाले, "घरात सांगणं वेगळं आणि कायदा वेगळा." पोरगी उठून गेली. ताईने भाऊजींशी बोलणं टाकलं. भाऊजींच्या ते दोन-तीन दिवसांनी लक्षात आलं.

भाचीने काम थांबवलं नाही, त्यामुळे प्रकरण सुनावणीला गेलं, आणि लगेच त्या काहीच न बनवणाऱ्या कंपनीचा वकील घरी आला. रेशमी टाय, हातात फुलं. मी त्याला टायवाला म्हणते. त्याने आल्या आल्या टीव्हीच्या वर बघितलं. तयारी करूनच आला होता मेला. "सर, तुमच्याकडून एकदा समजून घ्यायचं होतं," असं म्हणाला आणि तासभर हलला नाही. भाऊजी हरभऱ्याच्या झाडावर असे चढले की खाली यायची शिडीच काढून टाकली. टायवाल्याचं मागणं एवढंच: सुनावणीला यायचं आणि सांगायचं की शोध माझा आणि नवा आहे. गाडी न्यायला येईल.

"लेकीच्या विरुद्ध साक्ष देणार तुम्ही?" मी विचारलं.

"लेकीच्या विरुद्ध कुठे? माझ्या शोधाच्या बाजूने."

मी त्यांना त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहीत नाही. मेहुणी असल्याचा एवढाच फायदा, बोलून घेता येतं.

भाचीची वकीलबाई बुटकी, घाईत बोलणारी, पण डोक्याने तल्लख. तिने आम्हाला एकच प्रश्न विचारला. "पेटंटचा अर्ज करण्याआधी ही रीत चारचौघांत उघड झाली असेल, आणि ऐकणाऱ्याला ती वापरता येईल इतकी नीट सांगितली गेली असेल, तर ते पेटंट टिकत नाही. म्हणूनच कंपन्या अर्ज होईपर्यंत माणसाला तोंड बंद ठेवायला सांगतात. तुमच्या वडिलांनी तेव्हा बाहेर कुणाला सांगितलं होतं का?"

मी आणि भाची एकमेकींकडे बघून अशा हसत सुटलो की वकीलबाई घाबरली.

"कुणाला सांगितलं नव्हतं ते विचारा," मी म्हटलं.

पण पुरावा हवा ना. नळवाला नंतरचा. शेजारी वारले. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला: माझं लग्न! अर्ज झाला त्याच्या आदल्या वर्षी माझं रिसेप्शन होतं. हॉल गच्च, आम्ही दोघं स्टेजवर, आणि भाऊजींनी 'नवदांपत्याला शुभेच्छा द्यायला दोन शब्द' म्हणून माइक घेतला. ते दोन शब्द जेवण गार होईपर्यंत चालले. माझ्या सासूबाईंनी तो विषय अजून सोडलेला नाही. त्या सगळ्याची सीडी आमच्या कपाटात पडून होती. गेल्या अठरा वर्षांत ती आम्ही कितीतरी वेळा पाहिली, पण भाऊजी माइककडे निघाले की माझा नवरा बटण दाबायचा आणि थेट केक कापण्यावर जायचा.

या वेळी बटण दाबलं नाही. मी, भाची, वकीलबाई, माझा नवरा, चौघं सोफ्यावर बसलो.

सीडीतले भाऊजी सडपातळ, केस काळे. म्हणाले, "मंडळी, तिकडे जेवणाची टेबलं बघा. सूप घेतल्यावर पाहुणा पुढे कुठल्या टेबलाकडे जातो? मी मगापासून मोजतोय. बहुतेक जण भाताकडे जातात. म्हणजे नवा पाहुणा सूप घेऊन उभा राहिला की मी पैज लावणार, हा भाताकडे जाणार. यंत्रही बोलणं असंच ओळखतं. एका आवाजानंतर कुठला आवाज येईल याची ते पैज लावतं, सगळ्या जगाचा हिशेब बघून. पण समजा एखादा पाहुणा जगावेगळा असेल? सूपनंतर सरळ आइस्क्रीमकडे जाणारा? तर त्याच्यावर लक्ष ठेवा. पहिल्या फेरीला जगाच्या हिशेबावर विश्वास टाका, त्याच्यावर थोडा. दुसऱ्या फेरीला त्याच्यावर जास्त. जितकं त्याला बघाल तितका जगाचा वाटा कमी करा आणि त्याचा वाढवा. किती कमी, किती जास्त, त्याचंही गणित आहे, ते असं..." आणि त्यांनी गणितही सांगितलं हो! जेवणाच्या टेबलावरच्या चमच्यांवर, दहा फेऱ्यांचं उदाहरण घेऊन, अथपासून इतिपर्यंत.

मी थक्क झाले. मला सगळं कळलं. अठरा वर्षं ज्याला मी 'भाऊजींचं पुराण' म्हणत होते ते इतकं सोपं होतं? आणि दुसरी गोष्टही मनात आली, ती बोललेच मी, "हा माणूस जगाला सांगतोय की माणूस जसा आहे तसा बघा, आणि स्वतःची पोरगी मात्र जगाच्या हिशेबाने मोजतोय."  भाची पडद्याकडेच बघत होती.

वकीलबाई म्हणाली, "हे पुरेसं आहे. फक्त समोरचे म्हणणार की हे कुणाला कळलंच नाही. आणि तुमच्या वडिलांनी 'ती आपली गंमत होती' असं म्हटलं तर आपण संपलो."

"आणि पेटंट पडलं तर?" भाचीने विचारलं.

"तर ते कधी नव्हतंच असं धरतात."

हे ताईने भाऊजींना सांगितलं. बोलणं टाकल्यापासूनचं पहिलं वाक्य. भाऊजींनी चष्मा काढून हातात घेतला म्हणे. मग म्हणाले, "नव्हतंच म्हणजे? मग मी इतकी वर्षं काय केलं?"  मला हे ऐकून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या माणसाकडे दुसरं होतं काय? नोकरीत बढती नाही, पुढे कुठलं संशोधन नाही, एक पाटी. एका बाजूला ती पाटी, दुसऱ्या बाजूला लेकीच्या दोन खोल्या. काय ठरवलंत, असं ताईने विचारलं तर म्हणाले, "जे खरं आहे ते सांगेन." टायवाल्याची गाडी ठरल्याप्रमाणे आली आणि भाऊजी तिच्यात बसून गेले. आम्ही मागून माझ्या गाडीने, तिच्यावर 'शिकाऊ चालक' लिहिलेलं.

सुनावणीची खोली म्हणजे कोर्ट नव्हे, पेटंट टिकतं की नाही हे ठरवणाऱ्या कचेरीतली साधी ऑफिसची खोली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, कोपऱ्यात सुकलेली कुंडी. मधोमध निवाडा देणाऱ्या अधिकारीबाई, केस पांढरे, चेहऱ्यावर रेषा हलत नाही. सीडी लावली. टायवाल्याने ती जागोजागी थांबवून दाखवली. "हे बघा, पुढच्या रांगेतले गृहस्थ झोपलेत. या बाई पर्समध्ये काहीतरी शोधतायत. आणि ही खुद्द नवरी, छताकडे बघतेय." मग मला समोर बसवलं.

"त्या दिवशी तुम्हाला हे कळलं होतं का?"

शपथ घेतलेली. काय करणार? "त्या दिवशी नाही. बूट चावत होते मला. पण आता पाहिलं तेव्हा सगळं कळलं."

"आता. म्हणजे वकिलांच्या शेजारी बसून."

"वकिलांच्या नाही, नवऱ्याच्या शेजारी बसून!" मी आवाज चढवला. अधिकारीबाईंनी हात वर केला. टायवाला हसला. मी जाग्यावर येऊन बसले तेव्हा माझे कान तापले होते. भाचीने माझा हात धरला.

मग भाऊजी. टायवाल्याने त्यांना स्वतः पाणी ओतून दिलं. किती तो मान! "सर, तुमचा विषय अतिशय गहन. तज्ज्ञांनाही जड जातो. लग्नातलं ते बोलणं म्हणजे घरगुती गंमत. त्यातून तिथल्या कुणाला काही कळणं शक्यच नव्हतं, बरोबर?"

एक 'बरोबर' म्हणायचं होतं, बस. पाटी राहिली असती, गाडीने घरी सोडलं असतं. भाऊजींनी पेल्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. माझा जीव टांगणीला लागला.

"शक्य नव्हतं म्हणजे?" भाऊजी म्हणाले.

"म्हणजे, सर, सामान्य माणसाला..."

"न कळायला काय झालं? मी नीट सांगितलं होतं."

"अर्थात, सर, पण..."

"पण काय? तुम्ही माझ्याकडे येऊन तासभर बसलात तेव्हा तुम्हालाही कळलं नव्हतं की काय? नुसतेच मान हलवत होतात?" आणि भाऊजी उठले. टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या ओढून रांगेत लावल्या. "बाई, हे सूप. हा भात. हे आइस्क्रीम."

टायवाला "सर, सर" करत राहिला. भाऊजींना थांबवणं आजवर कुणाला जमलंय? त्यांनी सगळं सांगितलं, सीडीतल्यासारखं, शब्दाला शब्द, तेच उदाहरण, तेच गणित. अधिकारीबाईंनी मध्ये विचारलं, "पाहुण्याने एकच फेरी मारली असेल तर?" भाऊजी म्हणाले, "तर त्याच्या वाट्याला थोडंच येणार." बाईंनी कागदावर आकडे मांडले, गणित केलं, उत्तर वाचून दाखवलं. बरोबर आलं.

"आणि हे सगळं त्या दिवशी हॉलमध्ये तुम्ही असंच सांगितलं होतं?"

"असंच. चमचे होते, बाटल्यांऐवजी."

"कळलं," बाई म्हणाल्या.

भाऊजींचा चेहरा असा फुलला की काय सांगू. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी 'कळलं' म्हणालं होतं, आणि त्याच शब्दाने पेटंट गेलं. टायवाल्याने फाइल मिटली. निकाल कागदावर यायला महिना लागला, पण त्या खोलीत सगळ्यांना तेव्हाच माहीत झालं होतं. भाऊजींना सोडून, बहुधा. ते अजून बाटल्या नीट लावत होते.

बाहेर लिफ्टजवळ आम्ही उभे राहिलो. न्यायला आलेली गाडी अर्थातच निघून गेली होती. मला राहवलं नाही. "भाऊजी, खरं सांगा, हे पोरीसाठी केलंत की त्याने तुम्हाला न कळण्यासारखं बोलणारा ठरवलं म्हणून?"

"मेहुणीबाई, मी खरं ते सांगितलं," ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. आता कुठे त्यांच्या ध्यानात येत होतं. भिंतीला हात लावून उभे राहिले, एकाएकी म्हातारे दिसायला लागले. "गेलं ना सगळं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"गेलं, बाबा."

"हं." मग म्हणाले, "त्या बाईंना कळलं, पण. हॉलभर माणसं होती तेव्हा. तेव्हा एकाला जरी कळलं असतं ना..."

"मला कळलं होतं," भाची म्हणाली.

"आता नाही गं, तेव्हा."

"तेव्हाच. मी स्टेजच्या पायरीवर बसले होते. आठ वर्षांची. तुम्ही चमचे मांडलेत तेव्हा मीही मोजत होते. म्हणून तर मी हे शिकले, बाबा. मी स्वतःच पक्षकार, माझं म्हणणं साक्षीत धरलं नसतं, म्हणून वकीलबाईंनी ते काढलं नाही."

भाऊजी तिच्याकडे बघतच राहिले.  शेवटी म्हणाले, "मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

भाचीने त्यांची कॉलर सारखी केली, अगदी मायेने.

"तुम्ही बोलत होतात ना, बाबा."